ज्याचं गाठोडं त्याची दरी

शामकला सून होऊन आली ती दोन डोळे घेऊन आली, कामाचे दोन हात घेऊन आली, पण विचारायचं तोंड तेवढं माहेरीच विसरून आली, असं तिची सासू धुरपताबाई उभ्या गावाला सांगत असे. मीठ संपलं की शेजारणीच्या मडक्यातून मूठभर उचलायची, सांगायचं नाही. सासूचा विळा घेऊन गवताला जायची, आणि सासू घरभर विळा शोधत फिरायची.

"चोर नाही वो ते," धुरपताबाई विहिरीवर म्हणायची. "चोराले भेव तरी असते. इले वाटते, डोळ्याले दिसलं ते आपलंच."

बाया हसायच्या. शामकला भरलेली घागर कमरेवर घेऊन टाचा आपटत निघून जायची. सातवा महिना लागला होता तरी टाचा तशाच.

घर कोष्ट्याचं. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली धानाच्या बांध्या संपतात तिथं गाव सुरू होतं, आणि गावाच्या तोंडाशीच हे घर. धुरपताबाईच्या सासऱ्यानं विणलेली लुगडी तिरोड्याच्या बाजारात उलगडली की बाया आधी किनारीवरून बोट फिरवायच्या, मग भाव विचारायच्या. नवरा गेला तरी मागाचा खड्डा कधी रिकामा राहिला नाही. तिथं मुलगा उदाराम बसला. पण कुठं तरी साता समुद्रापलीकडं लढाई लागली आणि इकडं सूत बंद झालं. उदाराम गोंदियाला जाऊन आला, पुन्हा जाऊन आला. शेठ गादीवरून उठलासुद्धा नाही. "सूत नहीं है भाई, कंट्रोल है," म्हणाला.

कापडही मिळेना. लोकांनी फाटलेलं शिवलं, शिवलेलं पुन्हा शिवलं, आणि शिवायलाही जागा उरली नाही तेव्हा गाठोडी बांधून कोष्ट्याच्या दारात आणली. चिंध्यांची दरी, म्हणजे सतरंजी, करून द्या म्हणाले. उभा ताणा सुताचा आणि आडवं सारं चिंध्यांच्या पट्ट्यांचं. उदारामजवळ जुन्या ताण्यांचं उरलंसुरलं सूत होतं. त्याला दुहेरी पीळ देऊन त्यानं ते देवासारखं जपलं होतं.

पहिलं गाठोडं आलं त्या दिवशी धुरपताबाई मागाकडं फिरकली नाही. ज्या मागावर लुगडी झाली त्या मागावर चिंध्या! दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आणा इकडं. चिंध्याच विणायच्या तं मी निवडीन. माह्या हाताखालून गेल्याबिगर या मागावर काही चढणार नाही."

तेव्हापासून निवड तिची. कापड आधी उन्हाकडं धरायचं; आरपार चाळणी दिसली की बाजूला. मग कानाजवळ धरून काठाशी थोडं फाडायचं. जित्या कापडाचा आवाज चर्रकन सरळ जातो. मेलेलं कापड फसकन बसतं, ते दरीत घातलं तर पहिल्या धुण्यातच भुसा होतो. लाल कापड भिजवून पांढऱ्यावर घासायचं, रंग सोडलाच तर दूर. कोरं कापड गरम पाण्यात टाकल्याशिवाय घ्यायचं नाही, नाही तर ते मागून आटतं आणि दरीला पोक येतं. पातळ धोतराची पट्टी रुंद फाडायची, जाड कापडाची अरुंद, म्हणजे विणीत दोघी सारख्या बसतात. लुगडं कमरेशी घामानं कुजतं, पण पदर शेवटपर्यंत टिकतो. म्हणून कोणतंही लुगडं हातात आलं की धुरपताबाई आधी पदर शोधायची.

आणि या सगळ्याच्या वर एक नियम होता. ज्याचं गाठोडं त्याची दरी. एका घरची चिंधी दुसऱ्या घरच्या दरीत जाणार नाही. चिंधी म्हणजे माणसाच्या अंगाचा घाम. कोणी कोणाच्या घामावर निजत नाही, आणि ज्याचा घाम त्यालाच तो परत मिळाला पाहिजे. गाठोडी खुंट्यांवर वेगवेगळी टांगलेली असायची, आणि कोणती कोणाची हे धुरपताबाईला गाठीवरून कळायचं.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा बकाराम पाटलाची बायको देवकाबाई स्वतः आली. मागं गड्याच्या डोक्यावर गाठोडं.

"लेकीचं लगीन आहे माघात," ती ओसरीवर टेकत म्हणाली. "वऱ्हाड बसन अशी लांब दरी पायजे, धुरपता. आमच्या ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मळणी झाली की धान धाडते. तुमची कणगी भरन."

कणगी भरेल म्हणजे वर्ष निघेल. आतून शामकलाच्या बांगड्या वाजल्या; ती दाराआडून ऐकत होती.

धुरपताबाईनं गाठोडं सोडलं. बसायच्या जागी विरलेली धोतरं. जुन्या बंड्या. तीन-चार लुगडी, कमरेशी कुजलेली. तिनं एकेकाचं टोक शोधलं आणि हात थांबला.

"पाटलीनबाई, एकाही लुगड्याले पदर काऊन नाही?"

"उंदरानं खाल्ले असन."

धुरपताबाईनं कापलेली सरळ कड बोटानं दाखवली. "कैचीवाला उंदीर दिसते."

देवकाबाई हसली, पण पदर कुठं गेले ते सांगितलं नाही. गोधडीसाठी ठेवले असतील. "तुह्या जिभेले हाड नाही, धुरपता. पण हात सोन्याचा आहे. कर कशी तरी." आणि उठून गेली.

त्याच आठवड्यात रुख्मा आली. पांदीपलीकडं गावाबाहेरची वस्ती होती, टोली; तिथली सुईण. तिच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं, पण गावातलं प्रत्येक लेकरू आधी तिच्याच हातात पडलं होतं. ती अंगणाच्या कडेला, नेहमीच्या जागी उकिडवी बसली आणि गाठोडं पुढं ठेवून मागं सरकली. शामकलानं त्यावर पाणी शिंपडलं, मग उचललं.

"पाठ धरून राहिली वो माय," रुख्मा म्हणाली. "थंडीत धानाच्या तणसावर निजवत नाही. एका माणसापुरती कर. धोतरं आहेत बुढ्याची. अन् एक लुगडं आहे निळं. ते सणाचं. बाळंतपणात ते कधी नेसली नाही मी, पोळ्याले नेसत होती अन् दिवाळीले. मऊ आहे. ते वरच्या अंगाले घालजो, डोस्कं येते तिथं."

धुरपताबाईनं निळं लुगडं उलगडलं. उन्हाकडं धरलं. कानाशी नेऊन काठाला किंचित ओढलं. चर्र. निळीत मुरलेलं, इतकं धुतलेलं की बोटाखाली लोण्यासारखं सरकत होतं, आणि तरी जितं. पदरही शाबूत होता. अख्ख्या हंगामात असं कापड तिच्या ओसरीवर आलं नव्हतं.

"कापड सांभाळणारी आहेस वो तू," ती म्हणाली. धुरपताबाईच्या तोंडून एवढं ऐकायला लोकांची उमर जायची.

तिनं स्वतःच्या हातानं गाठ मारली आणि गाठोडं शेवटच्या खुंटीला टांगलं.

पाटलिनीच्या गाठोड्यातलं मेलेलं कापड निवडून काढलं तेव्हा जितं जेवढं उरलं ते पाहून उदारामनं मान हलवली. "लांबी भरणार नाही, माय."

"जेवढी भरन तेवढी विण. पदर कापून घेणाऱ्यांच्या दऱ्या आखूडच होतात."

मग कापणी लागली. बाया मिळेनात, आणि कापणीला जाणारीला पेंढ्या मिळायच्या, म्हणून धुरपताबाई कमरेला विळा खोचून पहाटेच निघायची. दिवसभर वाकून पाठीचं धनुष्य व्हायचं. बोटांना धानाची पाती चिरायची. संध्याकाळी घरी येऊन ती भिंतीला टेकायची ती तिथंच डोळे मिटायची. माग वाजतोय एवढं ऐकायची. उदाराम खड्ड्यात पाय सोडून बसायचा, शामकला काठावर बसून पट्ट्या फाडायची, टोकाला टोक शिवून गुंडे करायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. फणीचा ठोका बसायचा. धप. धप. दरी वाढत होती.

एका दुपारी बांधीतलं काम लवकर आटोपलं. धुरपताबाई घरी आली तर देवकाबाई मागापाशी उभी.

"वा वो धुरपता! हा निळा पट्टा पाय तरी. कशी शोभा आली!" पाटलीन वाकून दरीवरून हात फिरवत होती. "माह्या सासूचं लुगडं असन हे. जुन्या हातचं. आमच्या घरचं कापडच असं, फाटलं तरी पत राखते. हो ना?"

धुरपताबाई पुढं झाली. हाताला अजून चिखल होता, तिनं तो अंगावरच्या लुगड्याला पुसला आणि तळवा दरीवर ठेवला. पांढरी धोतरं लागली, खरबरीत. बंड्यांचं जाड कापड लागलं. आणि मग निळं. तळवा त्यावर आला आणि लोण्यावरून सरकल्यासारखा सरकला.

तिनं शामकलाकडं पाहिलं. शामकला पट्टी शिवत होती. मान खाली.

"हो ना?" देवकाबाईनं पुन्हा विचारलं.

"हो," धुरपताबाई म्हणाली.

"तिरोड्याच्या माह्या बहिणीलेही अशीच पायजे. अन् आयक, कंट्रोलचं एक कोरं लुगडं मिळालं आहे. लग्नात तुह्या अंगावर टाकीन, मानाचं. पाय बरं कसं नेसली आहेस."

धुरपताबाईच्या अंगावरच्या लुगड्याला ठिगळावर ठिगळ होतं. तिनं ओचा सारखा केला. पाटलीन गेली, दारातून शेवटचं वळून निळ्या पट्ट्याकडं पाहत गेली.

"हे कुठलं?" धुरपताबाईनं विचारलं.

"पट्टी संपली होती," शामकला म्हणाली. "नुसतं पांढरंच पांढरं येऊन राहिलं होतं, मड्यावर टाकते तसं. लग्नाची दरी आहे, आत्याबाई."

"मी विचारलं, कुठलं?"

"शेवटच्या खुंटीवरचं."

"रुख्माचं."

"सारं नाही घेतलं. पदराकडचं घेतलं. बाकी आहे." शामकलानं दोरा दातानं तोडला. "तिच्या दरीत बुढ्याच्या धोतरांनी भागन. अन् तिले का समजते? समजलं तरी ते कोणाले सांगन? तिचं कोण आयकते?"

उदाराम खड्ड्यातूनच बोलला. "माय, आता हे बोलून फायदा नाही. उकलाले गेलो तं ताणा तुटन. दुसरं सूत कुठून आणू? अन् पाटलिनीले समजलं, का टोलीवरच्या बाईचं लुगडं वऱ्हाडाखाली घातलं, तं आपल्याले या गावात राहू देतीन का? गप राहिलेलं बरं. धुतलेलं कापड आहे. कापडावर का जात लिहिलेली असते?"

"आज नसते," धुरपताबाई म्हणाली. "तिच्या गाठोड्यावर पाणी शिंपडलं त्या दिवशी लिहिलेली होती का?"

उदारामनं मान खाली घातली आणि फणी ठोकली. धप. माय बोलली की तो असाच ठोकायचा.

त्या रात्री ती जेवली नाही. पाठ दुखते म्हणाली. खरं म्हणजे तो 'हो' तिला सलत होता. जन्मभर ज्या तोंडानं कैचीवाला उंदीर ओळखला, त्या तोंडानं 'हो' म्हटलं. कणगीसाठी म्हटलं, का कोऱ्या लुगड्यासाठी म्हटलं, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. दरी दिसत होती चांगली. पट्टा शोभत होता. ठेवला तर नाव होणार होतं. तिरोड्यापर्यंत होणार होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरलं तेव्हा रुख्मा आली. शामकलाचं पोट पाहायला यायचा तिचा दिवस होता. शामकला अंगणात पोत्यावर आडवी झाली. रुख्मानं दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन केले, मग पोटावर ठेवले. डोळे मिटून ती हळूहळू चाचपत गेली, आधी कुशीला, मग खाली. धुरपताबाई दारात बसून पाहत होती. तिला एकाएकी वाटलं, आपण कापड निवडतो ते असंच. असेच डोळे मिटतात.

"आडवं नाही," रुख्मा म्हणाली. "डोस्कं खाली येऊन राहिलं. घागरी कमी उचल, पोरी. टाचा आपटू नोको."

शामकला उठून बसली. आता रीतीप्रमाणे तिला डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं. रुख्मानं ते जाणून दोन पावलं मागं घेतली, आणि मागं सरकताना उघड्या दारातून तिची नजर आत मागाकडं गेली.

ती पाहत राहिली. उन्हाची तिरीप नेमकी निळ्या पट्ट्यावर पडली होती.

"पाटलिनीची दरी होय ना ते?" तिनं विचारलं.

"हो," शामकला म्हणाली.

"चांगली होऊन राहिली." रुख्मानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "असंच निळं होतं माह्याजवळ एक."

आत फणीचा ठोका चुकला.

"मी जातो, माय," रुख्मा धुरपताबाईला म्हणाली. "माह्या दरीची घाई नाही. या साली तणस मऊ आहे." ती काठी टेकत वळली. पाठीवर एक हात ठेवून, एका अंगानं वाकून, पांदीकडं चालू लागली. वाटेत ओढ्याशी थांबली, दम घेतला, पुन्हा चालू लागली. धुरपताबाई ती टोलीआड होईपर्यंत पाहत बसली.

मग ती उठली. आत जाऊन शेवटच्या खुंटीवरचं गाठोडं काढलं. गाठ तिची नव्हती. सोडून पाहिलं. धोतरं होती, आणि पदर गेलेलं निळं लुगडं, कमरेच्या बाजूचं तेवढं उरलेलं. कापलेली कड सरळ होती. तिच्याच घरच्या कैचीची.

"उदाराम, खड्ड्यातून वर ये."

"माय, ताणा..."

"वर ये म्हणतो ना. तुटला तं मी गाठी मारीन. माह्या सासऱ्याचे ताणे कितीदा तुटले, त्यानं का माग विकला?"

उदाराम वर आला. शामकला न्हाणीतून ओलेत्यानं आली होती, केसांतून पाणी गळत होतं, थंडीनं ओठ निळे पडले होते. धुरपताबाईनं आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून तिच्या अंगावर फेकली, मायेनं नाही, पण नीट खांद्यावर पडेल अशी. मागाच्या काठावर पोतं अंथरलं आणि बोटानं जागा दाखवली.

"बस तिथं. पोटावर वाकू नोको, पाय सोडून बस. अन् उकल. निळं लागते तिथपर्यंत सारं उकल, पट्टी तुटू देऊ नोको. काल तू म्हणाली, ते कोणाले सांगन. आयकलं ना, तिनं सांगतलं. माह्या दारात उभं राहून सांगतलं, आवाजसुद्धा चढवला नाही, अन् मले मान वर करता आली नाही. या वयात मले मान खाली घालाले लावली तू. पाटलिनीले विटाळ होईन म्हणून उकलाले सांगून राहिलो, असं समजू नोको. पाटलिनीनं आपले पदर ठेवून घेतले अन् कुजकं धाडलं. तिले आखूड दरी भेटन, कणगी भरो का न भरो. तिच्यापुढं मी 'हो' म्हटलं, ते मीच जाऊन परत घेईन, तिचं कोरं लुगडं तिच्यापाशीच राहो. उकल यासाठी, का ते रुख्माचं आहे. जिच्याजवळ एकच चांगलं कापड होतं तिचंच तू उचललं, अन् का, तं तिचं कोणी आयकत नाही म्हणून. मीठ उचललं, विळा उचलला, मी विहिरीवर बोलून हसवलं लोकांले. हे हसण्यातलं नाही. आता उकलून झालं का साऱ्या पट्ट्या पाटीत घे, अन् टोलीवर जा. दुरून फेकू नोको, तिच्या ओसरीवर ठेव. जे हात आज तुह्या पोटावर होते त्या हातांपुढं ठेव. अन् मग तोंड उघड, शामकला. माहेरून आणलं नसन तं आज इथून घेऊन जा. तिले विचार, 'रुख्माबाई, हे वरच्या अंगाले घालू का?' अन् ते सांगन तोपर्यंत तिथंच उभी राह्य."